अकरा मिनिटं

सात वाजून पाच मिनिटांनी गाडीने एक हिसका दिला आणि माझं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. लागलं फारसं नाही. पण गाडी सुटते तेव्हा असा हिसका बसतो हे आपल्याला सहासष्टाव्या वर्षी कळावं, याची मला मोठी गंमत वाटली. कारण सात-पाच हा आकडा माझा होता. बस-खात्याच्या वेळापत्रक विभागात मी छत्तीस वर्षं काढली. हा आकडा मी कितीदा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, छापखान्यात पाठवला, आणि छापून आल्यावर पट्टीखाली धरून तपासला. त्या आकड्याच्या आत चाळीस माणसं बसलेली असतात, त्यांच्या मांडीवर डबे असतात, कुणीतरी खिडकी उघडायला झटत असतं आणि ती काही केल्या उघडत नसते, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी स्वतः ऑफिसला पायी जात असे. घर ते ऑफिस सहा मिनिटं. शेजारच्या बाईंनी विचारलं, लागलं का. मी म्हटलं, नाही, अगदी वेळेवर सुटली. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

मांडीवर मुलीची सॅक होती. डोंगर चढायला जाताना ती वापरते तसली, चौदा पट्ट्यांची. पट्टे मी मोजले होते. आदल्या संध्याकाळी मुलीने मला समोर उभं करून कुठला पट्टा छातीवर आणि कुठला कमरेला हे शिकवलं, तेव्हा बायको दारात उभी राहून हसत होती. पहिला दिवस आहे शाळेचा, म्हणाली. तू पण चल, असं मी तिला दोनदा सुचवून पाहिलं. पण पैज तुम्हा बहीण-भावाची, मला मध्ये ओढू नका, असं म्हणून तिने हात झटकले. सॅकमध्ये दोन जोड कपडे होते, गोळ्या होत्या, पाण्याची बाटली होती, आणि सगळ्यात तळाशी घडी घालून ठेवलेली एक मोठी रिकामी कापडी पिशवी होती. त्या पिशवीबद्दल मी घरात कुणाला बोललो नव्हतो. ती ताईच्या कपड्यांसाठी होती.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून चार वर्षं पाण्यापलीकडच्या त्या गावात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि उठता येईना म्हणून पाऊण तास तिथेच बसून राहिली. हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, तेही टाइल्सचा विषय निघाला म्हणून. त्या दिवसापासून दर रविवारी मी फोनवर तिच्या मागे लागत होतो की आमच्याकडे राहायला ये. दर रविवारी ती हवापाणी विचारून फोन ठेवत होती. मग एका रविवारी ती म्हणाली, "ठीक आहे. तू ये न्यायला. पण गाडीबिडी करून नाही, तुझ्या वेळापत्रकाने ये. सकाळची बस, मग बोट, मग आरामगाडी. आरामगाडी इथे पाच-चाळीसला लागते असं तूच छापलंयस ना? सहाच्या आत माझ्या दारात उभा राहिलास तर मी मुकाट्याने सामान भरीन. नाही राहिलास तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." मी लगेच हो म्हटलं. शिंप्याला सुई ओवून दाखव म्हणण्यातला तो प्रकार होता. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण ताईकडे फक्त दोनदा गेलो आहोत, आणि दोन्ही वेळा बायकोच्या भावाच्या मोटारीतून, लांबच्या पुलावरून.

बस शहरातून बाहेर पडली तसा मी हळूहळू खूश होत गेलो. प्रत्येक थांबा मला नावाने आणि मिनिटाने पाठ होता, पण चेहऱ्याने एकही ओळखीचा नव्हता. सात-बावन्न म्हणजे एक पाण्याची टाकी आणि तिच्याखाली झोपलेलं कुत्रं निघालं. आठ-एकोणीसला एक न्हावी दुकान उघडत होता. नऊ-चार हा तर माझा लाडका थांबा, कारण तिथे मी एकदा दोन मिनिटं वाचवली होती. ती कशी वाचली ते आज बघायला मिळालं. एक जाडे गृहस्थ धावत येत होते, त्यांनी हात केला, आणि ड्रायव्हरने आरशात बघत बघत गाडी काढली. मी अर्धा उठलो होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, रोजचंच आहे, उरलेल्यांनी मागच्या गाडीने यायचं. मी खाली बसलो आणि पुढची दहा मिनिटं सॅकच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो.

घड्याळ मला ताईनेच शिकवलं. बुटांच्या खोक्याच्या झाकणाचं तिने घड्याळ केलं होतं, आकडे निळ्या शाईचे, काटे पुठ्ठ्याचे, मध्ये एक टाचणी. मोठा काटा सारखा गळून पडायचा. मग ती त्याला थुंकी लावून बसवायची आणि मला विचारायची, आता किती वाजले. मी सांगायचो. बरोबर आलं की ती म्हणायची, शाबास, आता आई यायला किती वेळ आहे ते सांग. आई कामावरून साडेसहाला यायची. त्या पुठ्ठ्याच्या काट्यांवर मी आईला रोज दहा वेळा घरी आणत असे. पुढे ताई शाळेत शिकवायला लागली, लग्न होऊन पाण्यापलीकडे गेली, आणि मला ही नोकरी लागली. तेव्हा साहेबांनी मला पहिलंच स्वतंत्र काम दिलं ते नेमकं तिच्या वाटेचं: बस, बोट आणि आरामगाडी या तिघांचा मेळ घालायचा. बस जिथे थांबते तिथून बोटीच्या धक्क्यापर्यंत चालायला किती वेळ द्यायचा, एवढाच प्रश्न होता. मी भिंतीवरच्या नकाशावर आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा लावला. सातशे तीस मीटर. निरोगी माणूस तासाला चार किलोमीटर चालतो असं नियमपुस्तकात छापलेलं होतं. अकरा मिनिटं. बस अकरा-चौतीसला लागेल, बोट अकरा-पंचेचाळीसला सुटेल. परतीच्या बाजूलाही तेवढीच अकरा. साहेबांनी कागद उन्हाला धरावा तसा वर धरून बघितला आणि म्हणाले, सुबक आहे. ते पान मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरत होतो. त्यानंतर बस बदलल्या, बोट बदलली, साहेब तर सात बदलले, पण त्या अकरा मिनिटांना एकोणचाळीस वर्षांत कुणी हात लावला नाही. तक्रारी यायच्या मधूनमधून. त्यांना द्यायचं उत्तरही मीच तयार करून ठेवलं होतं: आपली सूचना विचाराधीन आहे, तोपर्यंत प्रवाशांनी चालण्याचा वेग वाढवावा.

बस अकरा-चौतीसला लागली. अगदी ठोक्याला. मला ड्रायव्हरला मिठी मारावीशी वाटली, पण त्याचा चेहरा तसला नव्हता. मी सॅक पाठीवर चढवली, छातीचा पट्टा लावला, कमरेचा पट्टा कमरेऐवजी पोटावर लावला, आणि बाकीच्यांच्या मागे निघालो. कोपऱ्यावर वळलो आणि थांबलो. रस्ता संपला होता. पुढे पायऱ्या होत्या. दगडी, झिजलेल्या, एक उंच तर एक बुटकी अशा, कड्याच्या अंगाने नागमोडी खाली जात होत्या, आणि खूप खाली, ताटलीएवढा दिसणारा बोटीचा धक्का होता. दोरा सपाट कागदावर लावला की तो पायऱ्या उतरत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या सबंध विभागात कुणाच्या लक्षात आली नव्हती. मागून एक माणूस, बाजूला व्हा हो, म्हणत दोन दोन पायऱ्या टाकत गेला. मीही धरला वेग. चालण्याचा वेग वाढवावा! चाळिसाव्या पायरीला सॅक डावीकडे झुकली, साठाव्या पायरीला मी उजवीकडे झुकलो, ऐंशीला गुडघे स्वतंत्रपणे विचार करायला लागले. घाम चष्म्यावर आला. एकशे सहाव्या पायरीला एक सपाट जागा लागली, तिथे पत्र्याचं छप्पर होतं, बाकं होती, आणि मी तिथे पोचलो त्याच क्षणी खालून बोटीचा भोंगा वाजला. धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसायला लागली. बघता बघता ती रुंद झाली. मी घड्याळात बघितलं. अकरा-पंचेचाळीस. बोटीचं काही चुकलं नव्हतं.

मला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल, कारण पैज हरलोच होतो. पुढची बोट एक-पंचावन्नची, ती तीन-पंधराला पलीकडे, मग तीन-पन्नासची आरामगाडी, आणि रात्रीचे आठ. हे गणित मला बोटं न मोजता आलं. ताई त्या दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहणार, त्या टाइल्सवर पुन्हा घसरणार, आणि आता मला तोंडही उघडता येणार नाही. पण आधी आलं ते हसू. तोंडातून फुस्स असा काहीतरी आवाज निघाला आणि मी सॅकसकट बाकावर बसलो तो उताणाच झालो, कासवासारखा. चहाच्या दुकानवालीने येऊन पोटावरचा पट्टा सोडवला. "श्वास घ्या आधी," ती म्हणाली. "घाई कुणाचीच नाही इथे आता." बाकावर माझ्याआधी आलेले पाच-सहा जण निवांत बसले होते. एकाने पत्ते काढले होते. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना बोट चुकणार हे सकाळी घरून निघतानाच माहीत होतं.

दुकानवाली पन्नाशीची, आवाज खणखणीत. चहा ओतता ओतता तिने मला सगळा कारभार समजावून दिला. इथे बसणारे दोन जातींचे, ती म्हणाली. खालची चुकलेले आणि वरची चुकलेले. उतरणाऱ्यांना इथून बोट जाताना दिसते आणि चढणाऱ्यांना इथून बस सुटल्याचा हॉर्न ऐकू येतो, म्हणून तर तिच्या सासूबाईंनी दुकान नेमकं याच सपाटीवर टाकलं. कुणातरी शहाण्याने मध्ये अकरा मिनिटं ठेवली आहेत. सासूबाई त्याचं नाव घेताना हात जोडायच्या. नाव माहीत नव्हतं, पण हात जोडायच्या. हे घर, पोरींची शिक्षणं, सगळं त्या अकरा मिनिटांवर झालं. मी चहात बघत राहिलो. मग, कसं कोण जाणे, म्हणून टाकलं की तो शहाणा मी. तिने माझा घामाने ओला शर्ट बघितला, सॅक बघितली, आणि तिला ते पटलेलं दिसलं.

"बदलणार नाही ना?" तिने पहिलं हेच विचारलं.

मी म्हटलं, निवृत्त झालो, आता माझ्या हातात काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला. तिने मला दुसरा चहा दिला आणि शेजारी बसली. मग म्हणाली की म्हणजे त्या बाईंचे भाऊ तुम्हीच. मी विचारलं, कुठल्या बाई. तर शाळेतल्या बाई, वर्षातून दोनदा पलीकडून यायच्या, आता चार वर्षं आल्या नाहीत. नेहमी त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून वह्या तपासायच्या. सासूबाई सांगायच्या की दुकान नव्हतं तेव्हा सासूबाई इथे नुसत्या लाकडं वाळत घालायला यायच्या, आणि एक दिवस ह्या बाई नवे कपडे घालून, चपला एका हातात आणि दुसऱ्या हातात भिंतीवरचं मोठं घड्याळ, अशा धापा टाकत इथवर आल्या आणि वर बसचा हॉर्न वाजला. भावाच्या लग्नाला निघाल्या होत्या. त्या घड्याळ मांडीवर घेऊन इथल्या दगडावर बसल्या. सासूबाईंनी घरून चहा आणून दिला, आणि तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं की इथे दुकान चालेल. "आणि लोक वेळापत्रकवाल्याला शिव्या द्यायचे ना," दुकानवाली म्हणाली, "तर बाई मान वर न करता सांगायच्या, माझ्या भावाला नावं ठेवू नका. आकड्यांत फार हुशार आहे तो. फक्त इथे कधी आला नाही."

ते घड्याळ आमच्या बैठकीत आहे. सकाळी निघताना मी त्याच्यावरच वेळ बघितली होती. आणि त्याच्याच खाली आमच्या लग्नाचा फोटो आहे. दोन्ही घरची मिळून बावीस माणसं, सगळी दोन रांगांत उभी, आणि ताई त्यात नाही. फोटोवाल्याला दुसरीकडे जायचं होतं, तो किती थांबणार. ताई आली तेव्हा जेवणं उरकत आली होती, आणि मी, त्या दिवसाचा राजा, चार माणसांत म्हणालो होतो की आमच्या ताईला भावाच्या लग्नापेक्षा झोप प्यारी. सगळे हसले. तीही हसली. पुढे ते घरातलं कायमचं झालं. बारसं असो, वाढदिवस असो, कुणीतरी म्हणायचं, ताईसाठी थांबू नका, ती पुढच्या फेरीने येणार. मुलांनी तर तिचं नावच ‘पुढची फेरी’ ठेवलं होतं. मी उतरलो होतो तरी माझी ही गत झाली. ती चढून येत होती, घड्याळ घेऊन. मला लाज वाटली, इतकी की मी उठून त्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसलो आणि बोटीची वेळ होईपर्यंत तिथून उठलो नाही.

उरलेल्या पायऱ्या मी सावकाश उतरलो. सगळ्या मिळून दोनशे बारा. बोटीवर वरच्या मजल्यावर जागा मिळाली, मी बूट काढले, मोजे काढले, पाय वाऱ्यावर सोडले. पाण्याचे तुषार चष्म्यावर येत होते ते पुसायचं मी सोडून दिलं. हरलेल्या माणसाला इतकं बरं वाटू नये, पण वाटत होतं. छत्तीस वर्षं ज्याला मी एक तास वीस मिनिटं म्हणत होतो ते असं होतं तर: लोखंडाचा गरम कठडा, इंजिनाची पोटात जाणारी घरघर, आणि कुणालाही कुठेही जायचं नसल्यासारखे चेहरे. आरामगाडीत मात्र अंग बोलायला लागलं. सीट मागे जायची ती पुढे येईना, पुढची माणसं पडदे ओढून घोरायला लागली, सॅक ठेवायला जागा नव्हती म्हणून ती पुन्हा मांडीवर, आणि गुडघ्यांत ठणका. फोन करावा असं चारदा मनात आलं. सांगणार काय? पाच-चाळीस झाले तेव्हा गाडी एका पेट्रोलपंपावर उभी होती. सहा वाजले तेव्हा खिडकीबाहेर नुसती शेतं होती. आत्ता ती दाराशी येऊन जिन्यातून खाली बघत असेल, मला वाटलं, आणि मग दार लावून घेईल. मी सॅकच्या तळाशी हात घालून ती रिकामी पिशवी आहे ना ते बघितलं, उगीचच.

आठ वाजता गाडी लागली. मी शेवटी उतरलो, कारण मांड्या उठायला तयार नव्हत्या. आणि दिव्याच्या खांबाखाली ताई उभी होती, हातात काठी, केस नीट विंचरलेले. किती वेळ उभी आहेस, मी विचारलं. "आत्ताच आले," ती म्हणाली. "आठची गाडी ना." मी म्हटलं, पण सहा वाजता, तू सहाला वाट बघितली नाहीस का? तिने माझ्याकडे, मोठा काटा गळून पडल्यावर बघायची तसं बघितलं. सहाला ती झोपून उठली होती. माझं जेवण तिने सव्वासातला करायला घेतलं होतं, म्हणजे गरम मिळेल.

जिना चढताना ती पुढे आणि मी मागे. मधल्या वळणावर ती माझ्यासाठी थांबली. घरात आल्यावर तिने सॅक उतरवायला हात लावला, मी खुर्चीत बसलो, आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणालो, "ताई, ती अकरा मिनिटं चूक होती."

"किती लागतात उतरायला?"

"एकोणीस. सावकाश उतरलं तर जास्त."

"चढायला सव्वीस," ती म्हणाली. "तेव्हा मी पस्तिशीची होते. हातात घड्याळ होतं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. तर बोलली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, दारात, निघताना. आणि मी तिला म्हणालो होतो, ताई, जरा भरभर चालायचं. मला आठवेना, आणि मग एकदम आठवलं, माझा तो हसरा आवाजसुद्धा. पुढे तेच वाक्य जरा सरकारी करून मी किती लोकांना पाठवलं. "माझं चुकलं," मी म्हणालो. "लग्नातल्या फोटोत तू नाहीस, ते माझ्यामुळे. आणि आज हरलोही. आता राहायला ये असं मी म्हणणार नाही." शेवटचं वाक्य मला नीट बोलता आलं नाही. ती सॅकमधले माझे कपडे काढून पलंगावर ठेवत होती, आणि शेवटी तिच्या हाताला ती पिशवी लागली. तिने ती उलगडली, झटकली, पलंगावर पसरली आणि वितीने मापून बघितली.

"तीन महिन्यांचे कपडे मावतील," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

"पण मी हरलोय."

"हरलास ते बरं झालं. पाच-चाळीसला येऊन उभा राहिला असतास तर आले असते मी, पण जन्मभर तुझं ऐकून घ्यावं लागलं असतं. आता तू माझं ऐक. पायऱ्या चढताना पिशवी तू घ्यायचीस. धावायचं नाही. बस चुकू द्यायची आणि त्या पोरीकडे चहा घेत बसायचं, तिने मला तिच्या मुलींचं सांगितलं नाहीय चार वर्षांत. आणि तुझ्या बायकोला आत्ताच फोन करून सांग, सगळ्यांना गोळा करून ठेव, माझा फोटो राहिलाय. वेळ मी ठरवणार."

मी बरं म्हणालो. मग तिने कपाट उघडलं, एकेक कपडा काढून दिला, आणि मी पिशवीत भरायला लागलो.